कात्रीनच्या घरची फळी

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, तो गेला. मुलींना सांगितली नाही, त्या आपापल्या घरी आहेत. देवळात — आम्ही चर्चला देऊळच म्हणतो — लाकडी जाळीपलीकडे बसलेल्या फादरांना दर महिन्याला पापं सांगितली, पण ही नाही. मुलांवर खेकसले, शुक्रवारी मटण वर्ज्य असताना रस्सा चाखला, शेजारणीच्या लुगड्याचा हेवा केला — असली किरकोळ पापं मी न चुकता सांगत आले. मोठं तेवढं पदरात गाठ मारून ठेवलं. आता ऐंशी उलटली. तुम्ही ऐकताय म्हणून सांगते — की तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? काही का असेना, आज सांगते.

पण माझं नंतर. आधी कात्रीनचं सांगू द्या. तिच्याबद्दल बोलायला लागलं की मला अजून बरं वाटतं — आणि मग लाज वाटते.

दुसरी मोठी लढाई संपली, त्याच सुमाराला ती आमच्या आळीत आली. गिरीज गावात आमची आळी अठरा घरांची, केळीच्या नि पानवेलीच्या वाड्यांमधली. तिचा नवरा आमच्यातलाच, पण मिठागरावर कामाला गेला आणि तिकडचीच बायको करून तिकडेच राहिला. तो वारला तेव्हा कात्रीन एक बकरी आणि एक ट्रंक घेऊन सासरी आली. जावेने तिला घरात घेतलं नाही. वाडीच्या टोकाला गुरांचा रिकामा गोठा होता, तो दिला. कात्रीनने तो सारवला, कुडाला माती लिंपली आणि राहू लागली. तेव्हा ती चाळिशीची असेल, मी तिशीची. अंगाने काटकुळी, मिठाने भेगाळलेली पावलं, आणि बोलणं मिठागरावरचं — पाण्याला पानी म्हणणारं. आमच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायचे.

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. मरियामातेची हातभर उंचीची मूर्ती, काचेच्या पेटीतली, आळीत घरोघर फिरते. दिवेलागणीला सगळी आळी गाणी म्हणत तिला पुढच्या घरी पोचवते. तिथे गुडघे टेकून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मग लादीन — म्हणजे मातेची सगळी नावं एकेक करून घ्यायची आणि प्रत्येक नावाला सगळ्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचं. मग उकडलेले चणे. रात्रभर मूर्ती त्या घरची पाहुणी. ज्या घरी ती उतरते ते घर त्या दिवशी आळीचं होतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. कुठल्या दिवशी कुणाचं घर, हे ठरवणं आमच्या घराकडे होतं. सासूबाई थकल्यावर ते माझ्याकडे आलं. लादीन सांगणंही माझ्याकडे, कारण मी सात इयत्ता शिकलेली. केवढा तोरा होता मला त्याचा!

त्या वर्षी आळीत घरं एकोणीस झाली होती.

आंतोनमावशी आमच्यातली वयाने मोठी, तोंडाने त्याहून मोठी. ती माझ्या ओटीवर बसून म्हणाली, “त्या बकरीच्या वासात आम्ही गुडघे टेकायचे? आणि मावायचे कुठे?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय, मलाही तेव्हा कळत होतं. मी म्हटलं, “बघते.”

दुसऱ्या दिवशी कात्रीन आली. हात पुसत उभी राहिली.

“बाय, माज्या घरी कवा येल मूर्ती? मी तिच्यासाटी फळी मारून ठेवलीय.”

बायका यायला तयार नाहीत, एवढं खरं माझ्या तोंडून निघालं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून? छे. मी वाईट दिसेन म्हणून. आणि जिभेवर आलं ते बोलून गेले — “फादर म्हणाले, तुझी अजून तयारी नाही.”

फादरांनी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांना बिचाऱ्यांना कात्रीन कोण हेही ठाऊक नसावं. त्या काळी आमच्या बायका फादरांशी जाळीतून पाप सांगण्यापुरतंच बोलत. त्यांनी म्हटलं म्हणजे वरून आलं. कात्रीनने मान खाली घातली. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने विचारलं — “काय कमी हाय माजं?”

विचारलं ते खरंच विचारलं, बरं का. टोमणा नव्हता. वैद्याला विचारावं तसं विचारलं. आणि मी, सात इयत्ता शिकलेली, म्हणाले, “तुला लादीन कुठे पाठ आहे?”

मिटलं, असं मला वाटलं. ती कुठून पाठ करणार? वाचता येत नव्हतं. पण कात्रीन आठवड्यातून तीनदा डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आगाशीच्या बाजाराला चालत जायची. जाताना एकेका माडापाशी एकेक नाव. अडलं की माझ्याच दारात येऊन विचारायची, आणि मी सांगायचे — हो, मीच शिकवलं तिला! पुढच्या ऑक्टोबरात तिला सगळी नावं ओळीने येत होती. मला पुस्तक लागायचं. तिच्या तोंडी ती नावं ऐकताना वाटायचं, ही समोर उभ्या असलेल्या बाईला हाक मारते आहे. मी यादी वाचत होते.

तेव्हा तरी न्यायची होती मूर्ती. पण बकरी तीच होती, आंतोनमावशी तीच होती, आणि मीही तीच. म्हटलं, “फादर म्हणतात, नुसतं ओठांनी म्हणून भागत नाही. घरात भांडण असलं तर माता येत नाही. जावेशी बोलतेस का तू?”

मी हे बोलत होते तेव्हा माझ्या सख्ख्या भावाशी मी आठ वर्षं बोलले नव्हते. बापाच्या वाडीतल्या विहिरीवरून. ते काही मिटवायचं माझ्या मनात नव्हतं, आणि माझ्या घरी मूर्ती दरसाल पहिल्याच दिवशी यायची.

कात्रीन जावेच्या दारात गेली. जावेने पहिल्यांदा हाकललं, दुसऱ्यांदा दार लावून घेतलं. ती ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर रविवारी गेली — कधी भाजीची जुडी, कधी नुसतीच. एका रविवारी जावेच्या पायाला विंचू चावला आणि घरात कोणी नव्हतं; कात्रीननेच तिला सांभाळलं. त्यानंतर दार लागलं नाही. ईस्टरला दोघी एकाच छत्रीखालून देवळात आल्या, लाल लुगडी नेसून. अख्खी आळी बघत राहिली. ज्या बाईने तिला गोठ्यात घातलं होतं तिच्या मुलीची वेणी ती मिस्साच्या प्रार्थनेआधी पायरीवर बसून घालत होती. मला कौतुक वाटलं, खरं कौतुक. आणि भीतीही — आता हिला काय सांगू?

कारण आता कबूल करते ते जास्त वाईट आहे. पहिल्या वर्षी मी भित्री होते. पण पुढे पुढे — मला ते आवडायला लागलं. मी सांगावं आणि कुणी ते स्वर्गातून आलं असं समजून करावं! तिसऱ्या वर्षी तिने विचारलं तेव्हा मी ऐटीत म्हटलं, “भक्ती हातांतून दिसली पाहिजे, असं म्हणतात फादर.”

आंतोनमावशीला तेव्हा क्षय झाला होता. सुना तिला मागच्या पडवीत ठेवून ताट लांबून सरकवत. आम्ही सगळ्या तिच्यासाठी प्रार्थना करत होतो — आपापल्या ओटीवरून. कात्रीन पडवीत गेली. थुंकीचं भांडं धुतलं, केस विंचरले, बकरीचं दूध पाजलं. दीड वर्ष! ज्या बकरीच्या वासाने मावशीला गुडघे टेकवत नव्हते तिचंच दूध ती दोन्ही हातांनी धरून प्यायची. शेवटी शेवटी तिला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नसे. मावशी गेली ती कात्रीनच्या मांडीवर डोकं ठेवून, लादीन ऐकता ऐकता.

श्रद्धा वाढते म्हणजे काय, ते मी प्रवचनांत पुष्कळ ऐकलंय. बघितलं ते हिच्यात. दर वर्षी ही बाई थोडी मोठी होत गेली. कुणाबद्दल वावगं बोलायची थांबली. मग कुणी बोललेलं मनाला लावून घ्यायची थांबली. आळीत कुणाचं बाळ आजारी पडलं की फादरांच्या आधी तिला बोलावणं जायला लागलं. आणि हे सगळं उभं होतं कशावर? माझ्या थापेवर. याचा अर्थ काय लावायचा, मला आजही कळत नाही. त्यातून माझ्यासाठी काही चांगलं निघतं असं मात्र मला कधी वाटलं नाही. ती वाढली ते तिचं. थाप माझी.

मधे तीन-चार ऑक्टोबर असे गेले की तिने विचारलंच नाही. मी यादी करायचे, अठरा घरं लिहायचे, हात थांबायचा. शेवटी एका वर्षी मला राहवलं नाही. सप्टेंबर संपता संपता तिच्याकडे गेले. इतक्या वर्षांत मी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकत होते. सारवलेली जमीन, एक चूल, ट्रंक. पूर्वेच्या कुडावर ती फळी. तिच्यावर पांढरं फडकं, स्वच्छ धुतलेलं, घड्या करकरीत. फळीवर काही नव्हतं. धूळसुद्धा नाही.

मी म्हटलं, “कात्रीनबाय, यंदा पहिल्या दिवशी मूर्ती तुझ्याकडे.”

ती हसली. मला बसायला पाट दिला. मग सावकाश म्हणाली, “नको बाय. पयल्या साली मना वाटलेलं, मी तयार हाय. मंग जसजशी एकेक गोष्ट केली तसं दिसाया लागलं, अजून किती बाकी हाय ते. फादरांचं बरोबर होतं.”

तेव्हा बोलायचं होतं. ती, मी आणि रिकामी फळी — ऐकायला चौथं कोणी नव्हतं. फक्त म्हणायचं होतं, अगं, फादर काही म्हणाले नव्हते. एवढे चार शब्द. तिने माझा हात धरला, तिच्या त्या भेगाळलेल्या हातात, आणि म्हणाली, “तू सांगत गेलीस म्हनून जमलं. तुजे लय उपकार हायेत.”

आणि मी ते उपकार घेतले. मान डोलावून, मोठ्या बाईसारखे घेतले. तिने चणे पुढे केले, मी न खाता निघते म्हणाले, तर तिने ते पदरात बांधून दिले.

दोन वर्षांनी ती झोपेतच गेली. सकाळी जाऊन बघतात तर जपमाळ हातात. अख्खी आळी तिच्या घरात जमली, अठराच्या अठरा घरांची माणसं, आगाशीच्या बाजारातल्या दोन भाजीवाल्याही. आणि सगळी मावली! थोडी दाटी झाली, पोरं मांडीवर घ्यावी लागली, पण मावली सगळी. लादीन सांगायला मी पुस्तक उघडून उभी राहिले. समोरच ती फळी.

जावेने डोळे पुसत हळूच विचारलं, “हिच्याकडे कधी मूर्ती आली नाही ना गं? का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “तिनेच नको म्हटलं.”

ते खोटं नव्हतं. जावेने मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, किती नम्र बाई. मी पुस्तकात बघून पहिलं नाव घेतलं.