चौथ्या खणातली बनाबाई

आमच्या पेठेतला बाजारचौक संस्थानी काळातला. पूर्वेला काळ्या दगडाची कमान, आत चारी बाजूंनी सागवानी खांबांवर तोललेली कौलारू पडवी. दोन खांबांमधल्या जागेला आम्ही खण म्हणतो. असे बारा खण. बांधणाऱ्यानं जोतं मांडीइतकं उंच ठेवलं, म्हणजे वाकायला न लागता गिऱ्हाइकाचा हात मालाला पोचतो. हुशार असावा गडी. कमानीबाहेर कुणी बसायचं, हे मात्र त्यानं नाही, गावानं ठरवलेलं.

बौद्धवस्तीतली माणसं बाहेर बसत, उन्हात. सरपण विकत. बहात्तरच्या दुष्काळात निम्मे खण ओस पडले, तेव्हा बनाबाईची सासू तानूबाई डोक्यावरची मोळी घेऊन सरळ कमानीतून आत आली आणि चौथ्या खणात बसली. पेठेतले चार शहाणे धावले.

"बसलीया मी. उचलून न्या," ती म्हणाली.

उचलायचं तर शिवावं लागणार. कुणी हात लावला नाही.

तेव्हा नवी सून असलेली बनाबाई आता सत्तरीत आहे. त्याच खणात लसूण, आलं, मिरची विकते. कुपवाडच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं गाडी कमानीशी लावून तिच्याकडंच येतात. जीभ मिरचीपेक्षा तिखट. "आवं, लसूण निवडताय का सून?" हे मी स्वतः ऐकून घेतलंय, आणि वर दोन गड्डे मागूनही आणलेत.

यंदा पालिकेनं चौकाची दुरुस्ती काढली. किडलेले खांब बदलायचे, कौलं शाकारायची, मग ज्याची जागा त्याला. कोण कुठं बसतं याची यादी करायचं काम आम्हा तीन म्हाताऱ्यांकडं आलं. लेखणी लालासाहेबांच्या हातात. हे निवृत्त सुभेदार. मिशांना कलप लावतात हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे, कुणाला ठाऊक नाही असं फक्त त्यांनाच वाटतं. चहा पीतपीत तासाभरात यादी झाली. बनाबाईचं नाव निघालं तसं मी सांगितलं, "कमानीबाहेर." लालासाहेबांनी लिहिलं. तिसऱ्यानं मान हलवली. पन्नास वर्षं आम्ही तिघंही चौथ्या खणातून लसूण नेतोय. पण पेठेत तिला अजून 'कमानीबाहेरची बनाबाई'च म्हणतात. जिभेवर होतं ते कागदावर गेलं.

यादी कमानीवर लागली. बनाबाईच्या नातीनं, अक्षतानं, ती वाचून दाखवली, तेव्हा तिला कळलं की दुरुस्तीनंतर तिला खण नाही. ती परत बाहेर, उन्हात.

यादीवर हरकत घ्यायच्या शेवटच्या दिवशी पालिकेची इंजिनिअर अंकिता चौकात टेबल टाकून बसली होती. आम्हीही होतो.

"मावशी, जागेचा काही कागद आहे का?"

"कागद तुमच्याकडं. माझ्याकडं जागा हाय."

"पण यादीवर या तिघांच्या सह्या आहेत."

बनाबाई आमच्याकडं वळली. "आवं लालासाहेब, परवा लसूण कुणाकडनं नेला?"

"तुझ्याकडनंच की."

"तवा मी कुटं बसलीवती?"

लालासाहेबांचा हात मिशीवर गेला. चूक कबूल करायची त्यांना सवय नाही, घरी जाऊन वहिनींना विचारा.

"तुमच्या बापास्नी माझ्या सासूला उठवता आलं न्हाई," ती हळू बोलली. "मला लिवून उठवलं व्हय?"



"मीच सांगितलं तसं," मी म्हणालो. "सवयीनं."

"लय जुनी सवय हाय ती."

लालासाहेब उठले. अंकिताकडून पेन घेतलं, ती ओळ खोडली, वर नवी लिहिली आणि सही केली. मग आम्ही दोघांनी केली. अंकितानं शिक्का मारला आणि कागद बनाबाईपुढं धरला. तिनं तो घेतला नाही.

"मला वाचता येत न्हाई. मोठ्यानं वाचा, समद्यांस्नी ऐकू जाऊ द्या."

सुभेदारांनी तो घेतला आणि पाय जुळवले, परेडवर जुळवावेत तसे.

"चौथा खण. तानूबाई. त्यांच्यामागं सून बनाबाई. बहात्तर सालापासून, आत."

एरवी अशा वेळी मी काहीतरी टोमणा मारला असता. बनाबाई जोत्यावर चढली, खांबाला टेकून बसली आणि पोत्याचं तोंड सोडून लसूण मांडायला लागली.