मार्शलची आगगाडी

माझ्या जगदेवमामांना यंदा एक्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ करायचाच, तर सोबत पुस्तकही काढू, असं त्यांच्या मुलाने, उन्मेषने ठरवलं. पुस्तक कसलं, तर मामांनी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या बारा लेखांचं. टाइप कोण करणार, तर मी. बडोद्याच्या कारेलीबागेत इतिहास शिकवणारी, मराठी टायपिंग येणारी आणि नाही म्हणता न येणारी आत्तेबहीण त्याला दुसरी नव्हती.

मामा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात टाइमकीपर होते. कोण कामगार किती मिनिटं उशिरा आला हे लिहिणं ही त्यांची नोकरी. पुण्याच्या एका दैनिकाचे बडोद्याचे वार्ताहर म्हणून सत्कारांच्या बातम्या पाठवणं हा शौक. घराण्यात तीन पिढ्या गायकवाडांच्या पलटणीत काढलेल्या. तलवारी गेल्या, मिशा राहिल्या. १९८४ साली एका मैत्री संघाने त्यांना दहा दिवसांच्या दौऱ्यावर परदेशी नेलं, आणि मामांचं उरलेलं आयुष्य त्या दहा दिवसांवर चाललं.

देशाचं नाव सांगत नाही. त्याचा झेंडा आणि चौकांतले पुतळे नंतर बदलले. तेव्हा तिथे एका मार्शलचं राज्य होतं, आणि आपली वर्तमानपत्रं त्याच्यावर इतकी खूश होती की आज वाचताना लाज वाटते. मार्शल पहाटे चारला उठतो. मार्शल स्वतःच्या हाताने वासराला चारा घालतो. मार्शलच्या देशात भिकारी नाहीत. ते भिकारी नेऊन कुठे ठेवले, हे विचारायची बुद्धी एकाही संपादकाला झाली नाही. वकिलातीतून मजकूर यायचा, मार्शलच्या वाढदिवसाला पानभर जाहिरात यायची, आणि दुसऱ्या दिवशी अग्रलेखात ‘कणखर नेतृत्व’ यायचं. तिथल्या तुरुंगांबद्दल कुणी अवाक्षर काढलंच, तर ‘अपप्रचार’ म्हणून आतल्या पानावर, बाजारभावाच्या शेजारी. पुढे मार्शल पडला तेव्हा याच शहाण्यांनी तोच वासराचा फोटो काढून खाली ‘क्रूरकर्मा’ असं छापलं. वासरू बिचारं तेच होतं.

मामांचे लेख या सगळ्यांच्या वरताण. रस्ते आरशासारखे, मुलं टवटवीत, कामगार गात गात कारखान्यात जाणारे. सहाव्या लेखात तर कळसच. राजधानीहून सुटलेली आगगाडी चार स्टेशनांवर मिनिटाचाही फरक न पडता पोचली, आपण घड्याळ हातात धरून बसलो होतो, असं त्यांनी लिहिलं होतं. दुसऱ्यांचा उशीर लिहून लिहून वैतागलेल्या माणसाला तिथे देवच भेटला. परत आल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये पांढरं धोतर ताणून त्यांनी त्या गाडीच्या स्लाइड्स दाखवल्या. बडोद्याची प्रतिष्ठित मराठी मंडळी माना डोलवत बसली, मग शेव-उसळ खाऊन घरी गेली.

अकरा लेख मी दात-ओठ खात टाइप केले. बारावा ऋणनिर्देशाचा होता. आपल्याकडे कुणाचं नाव राहून गेलं तर तो जन्मभर बोलत नाही, म्हणून मामांनी हॉटेलच्या दरवानापासून सगळ्यांचे आभार मानले होते. शेवटी दुभाषी वेरा. ती तिथल्या विद्यापीठात हिंदी शिकलेली. राखीपौर्णिमा दौऱ्यात आली, तेव्हा तिने मामांना राखी बांधली. मामांनी तिचं पूर्ण नाव, ती कुठल्या कचेरीत काम करते, सगळं व्यवस्थित दिलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं: ‘निरोप घेताना वेराताई हळूच म्हणाल्या, भैया, ती गाडी आठवड्यातून एकदाच, पाहुण्यांसाठी निघते. एरवी आम्ही थंडीत दोन-दोन तास उभे असतो. केवढा हा विनय! पाहुण्यासमोर आपली सुगरणही हेच म्हणते, घर रोज एवढं आवरलेलं नसतं हो.’

मी ते दोनदा वाचलं. एका बाईने जीव धोक्यात घालून खरं सांगितलं, आणि आमच्या मामांना त्यात बटाटेपोह्यांची बशी पुढे करणारी यजमानीण दिसली. बारा लेखांत तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते त्यांनी तिच्या नावानिशी छापून टाकलं.

पुस्तकात घालायला वकिलातीचं आभारपत्र हवं होतं. ते मामांच्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये टांगलेलं. सोनेरी शिक्का, खाली सही. आमच्या घरातल्या प्रत्येकाने ते हजार वेळा पाहिलं होतं, आणि इंग्रजी म्हणून कुणी वाचलं नव्हतं. फोटो घेण्यासाठी मी ते खाली उतरवलं आणि वाचलं. आपण बाराही लेखांची कात्रणं रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलीत याबद्दल आभारी आहोत, असं त्यात होतं. खाली आणखी एक ओळ होती: ‘आपण उल्लेखिलेल्या दुभाषी आता आमच्या सेवेत नाहीत. त्यांच्या विधानाची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे.’

मामा झोपाळ्यावर बसले होते. मी फ्रेम त्यांच्यासमोर धरली.

“मामा, ही शेवटची ओळ वाचलीत कधी?”

“रोज वाचतो,” मामा म्हणाले.

मला वाटलं होतं, त्यांना माहीत नसेल. तसं असतं तर मी त्यांना नुसतं मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं.

“मग टांगलंत कशाला?”

“तुझ्या मामीने फ्रेम करून आणलं. शिक्का बघून हरखली होती. काढ म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.” त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. “पुढच्या वर्षी राखी आली नाही. मी तीन पत्रं टाकली. संपादकांना लिहिलं की माझ्याकडून चूक झाली, दुरुस्ती छापा. ते म्हणाले, दोन देशांच्या मैत्रीत बिब्बा कशाला घालता? मार्शल गेल्यावर परत लिहिलं. तर म्हणाले, आता हे सगळेच छापताहेत, यात नवीन काय?”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“बसलो. लोक सत्काराला बोलवत होते ना.”

मामीला जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि फ्रेम तिथेच होती. मी त्यांना सांगितलं की समारंभात हे सगळ्यांसमोर बोला, नाहीतर मी पुस्तक पुरं करून देणार नाही. मामा म्हणाले, “बोलतो. मरायच्या आत एकदा बोलायचंच आहे.”

उन्मेषला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, “अवंतीताई, लोक जमण जेवायला येणार, त्यात हे कशाला? पॉझिटिव्ह राहू दे ने.”

समारंभ मांजलपूरच्या हॉलमध्ये झाला. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळणं झालं, शाल झाली, नारळ झाला, पुस्तकाचं प्रकाशन झालं. पुढच्या रांगेत तुकोजीराव होते. मामांच्या हाताखाली शिकून, मामांनंतर त्याच दैनिकाचे वार्ताहर झालेले. मामा उठले, फ्रेम टेबलावर ठेवली आणि चाचरत का होईना, सगळं बोलले. वेराचं पूर्ण नाव घेतलं. “मी खोटं लिहिलं तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. खरं लिहिलं तेव्हा माझ्या बहिणीचं घर उठलं, कारण ते खरं आहे हेच मला कळलं नाही. मी तिचा अपराधी आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. आयुष्यात पहिल्यांदा मला मामांचा अभिमान वाटला.

टाळ्या पडल्या. मागे कुणीतरी म्हणालं, “या वयात काय स्मरणशक्ती आहे, नहीं?” उन्मेषने आभार मानले: केटररचे, हॉलवाल्यांचे, मंडळाचे, “आणि पप्पांच्या आठवणीतल्या वेराताईंचे.” त्यालाही कुणाचं नाव राहून जायला नको होतं. मग श्रीखंड-पुरी.

दोन दिवसांनी सकाळी मी प्रतापनगरला मामांच्या घरी गेले. मामा पेपर घेऊन बसले होते. चौथ्या पानावर तुकोजीरावांनी पाठवलेली बातमी होती. ‘ज्येष्ठ पत्रकार जगदेवराव यांनी आपल्या परदेश दौऱ्यातील आदरातिथ्याच्या हृद्य आठवणींना उजाळा दिला. तेथील भगिनीच्या आठवणीने त्यांचा कंठ दाटून आला आणि उपस्थित भारावून गेले.’ सोबत फ्रेमचा फोटो, शिक्का ठळक, अक्षरं पुसट.

“फोन लावते तुकोजीरावांना,” मी म्हटलं.

“नको,” मामा म्हणाले. “चांगलं लिहिलंय. मीही असंच लिहिलं असतं.”

त्यांनी पेपरची घडी घातली आणि फ्रेम परत भिंतीला लावायला मला सांगितलं. मी ती पिशवीत घालून घरी घेऊन आले.