माझ्या मापाचं बोलणं

साल दोन हजार पंचवीस. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोतीबिंदू असं घरचे म्हणायचे. मी म्हणायचो, धुळीचे दिवस आहेत.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, तिसगावच्या बाजाराला जवळ. इकडं धुळीला तोटा नाही, त्यामुळे माझं म्हणणं बरेच दिवस खपलं. मग एकदा तिसगावच्या रस्त्याला, पुलाच्या कडेला, एक माणूस हात जोडून उभा दिसला. मीही थांबलो, हात जोडले, म्हणालो, "राम राम, कवा आलात?" मागून भावकीतला एक जण मोटारसायकलवर येत होता, तो गाडी थांबवून हसायलाच लागला. तो फ्लेक्स होता. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, अगदी माणसाएवढा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मी सगळ्यांना एकच सांगितलं, की बाबांनो, त्या पुढाऱ्याची आपली गाठ दुसरीकडं कुठं पडते? फ्लेक्सवरच पडते. म्हणून तिथंच राम राम घालून घेतला.

लोक हसले, विषय मिटला. शेळीचा विषय मात्र तसा मिटण्यातला नव्हता.

शाळा मी तिसरीपर्यंत केली, पण दात बघून शेळीचं वय सांगण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. बाजारात शेळी घेणारा आधी मला शोधायचा. दुसरे लोक शेळीच्या तोंडात अंगठा घालून चाचपतात. मी नुसता ओठ वर करायचो, एक नजर टाकायचो आणि सांगायचो, ही दोन दाती, ही चार दाती, ही म्हातारी, हिला सोड. अंगठा घालणं म्हणजे शिकाऊपणा, असं मी चारचौघांत म्हणत आलो. म्हणून त्या उन्हाळ्यात घरासाठी शेळी घेतानाही मी अंगठा घातला नाही. ओठ वर केला, पांढरं दिसलं, चार दाती म्हणालो आणि घेऊन आलो. घरात कोणी काही बोललं नाही. शेळी पाला चघळत बसायची ती बसायचीच. मी म्हणायचो, सावकाश खाणारं जनावर अंगानं चांगलं भरतं.

त्यानंतर मुलानं मला डोळे दाखवायला नगरला नेलं. नगरचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडात अजून तेच बसलंय. डॉक्टर तरुण होते. माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, मान संगणकाकडं वळवली आणि मुलाला विचारायला लागले. यांना शुगर आहे का? यांना कधीपासून दिसत नाही? यांना ऐकायला येतं का? मी समोर बसलेलो. बाजारात पेंडीचा भाव विचारावा, आणि पेंडीला काय विचारायचं असतं, तसं चाललेलं. मुलगाही शाळेत पाठांतर म्हणावं तशी उत्तरं देत होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनला तयार आहेत का हे?"

मुलगा म्हणाला, "करू तयार."

मी उठलो. "तयार करायला मी काय चटनी हाय का?" म्हणालो आणि चालत एसटी स्टँड गाठलं. मुलगा मागून आला. घरी आल्यावर मी सांगून टाकलं, या घरात डोळ्याचं नाव काढायचं नाही. दिवाळीपर्यंत कोणी काढलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला नात आली. संगमनेरला कॉलेजात शिकते. ती आली आणि दोन-चार दिवसांत घराला काहीतरी झालं.

एका सकाळी मुलगा चहाचा कप घेऊन माझ्या बाजेवर येऊन बसला. तो दूध संकलन केंद्रावर असतो, त्याला सकाळी उभं राहायला सवड नसते. त्यानं बसणं हीच पहिली शंकेची गोष्ट.

"दादा," तो म्हणाला, "निर्णय तुमचाच राहील. आम्हाला फक्त तुमच्या अनुभवाचं मार्गदर्शन हवंय."

मी मागं वळून बघितलं, सरपंच-बिरपंच येऊन उभा राहिला की काय. "कांदा कवा काढायचा ह्ये सुदिक तू मला इचारत न्हाईस," मी म्हणालो.

"तसं न्हाई, दादा. आता बघा, विहिरीत गाळ साचला म्हणून आपण विहीर बुजवतो का? गाळ काढला की पाणी पुन्हा नितळ होतं. डोळ्यांचंही तसंच आहे."

नितळ! हा शब्द आमच्या सात पिढ्यांत कोणी तोंडातून काढला नसेल. "आपल्या हिरीत गाळच हाय," मी म्हणालो. "पानी कुठलं काढतो?"

त्यानं माझ्यासाठी आणलेला चहा स्वतःच पिऊन टाकला आणि केंद्रावर गेला.

दुपारी सून. सून सरळ बोलणारी बाई आहे. इतक्या वर्षांत ती माझ्याशी मुख्यतः दोनच वाक्यं बोललीय, "मामा, जेवायला" आणि झाडताना "मामा, पाय उचला". त्या दिवशी ताटात भाकरी वाढून ती तिथंच उभी राहिली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाली, "मामा, तुम्ही आयुष्यभर या घराला दिशा दाखवलीत."

माझा घास हातातच राहिला.

"निर्णय तुमचाच राहील, मामा. पण विहिरीत गाळ साचला म्हणून आपण विहीर..."

"बुजवतो का," मी म्हणालो.

तिनं ताटातली भाकरी उगाच सरळ केली.

"म्हन की पुढं."

"पुढचं इसरले, मामा," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. आतून हसण्याचा आवाज आला. तेवढं हसणं तरी तिचं स्वतःचं होतं.

संध्याकाळी जावयाचा फोन. ते राहात्याकडचे, पाण्याच्या भागातले, पेरूच्या बागेचे लोक. एरवी फोन केला की पेरूच्या भावावर घसरायचे. त्या दिवशी सुरुवातीलाच म्हणाले, "मामा, निर्णय तुमचाच राहील..."

"पाव्हणं, थेट हिरीपासून धरा."

"आं?"

"गाळ. बुजवतो का. नितळ."

तिकडं घसा खाकरल्याचा आवाज आला. मग जावई हळूच म्हणाले, "मामा, मला आलं ते मी वाचलं. मला वाटलं, तुमच्याशी पहिला मीच बोलतोय."

मी फोन ठेवला आणि नातीला हाक मारली. बायको पलीकडं मेथी निवडत बसलेली. पोरगी येऊन बसली. तिचं एक बरं आहे, ती खोटं बोलत नाही.

"मोबाईलात एआय आहे, आबा," ती म्हणाली. "आपण सांगायचं, ते लिहून देतं. पण आधी त्याला नीट सांगावं लागतं की आपल्याला कोणाशी बोलायचंय. समोर लहान मूल असेल तर तसं लिहितं, वकील असेल तर तसं. आम्हाला कॉलेजात हेच शिकवतात. ऐकणारा कोण आहे ते सांगा, मगच प्रॉम्प्ट, म्हणजे त्याला द्यायची सूचना, चांगला होतो."

"आन् ऐकनारा कोन म्हनून सांगितलास?"

तिनं आजीकडं बघितलं. बायको मेथीतून मान वर न करता म्हणाली, "वाच की. त्यास्नी बी कळू दे आपून कोन हाय ते."

पोरीनं वाचलं, "माझे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. फार शिकलेले नाहीत. हट्टी आणि मानी आहेत. शेतकरी आहेत, त्यांना शेतीची उदाहरणं पटतात. ऑपरेशनला घाबरतात. निर्णय त्यांचाच आहे असं त्यांना वाटलं पाहिजे. अशा माणसाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कसं तयार करावं?"

हट्टी, बरोबर. मानी, बरोबर. शिकलेले नाहीत हेही खरं, पण परक्याला घरातलं सांगायची गरज नव्हती. शेतीची उदाहरणं पटतात हे मात्र साफ खोटं. जन्मभर शेती केलेल्याला शेतीची उदाहरणं कशाला लागतात? ती लागतात भाषण करणाऱ्याला. एक पुढारी मी ऐकलाय. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्तीवर आला की त्याच्या आईच्या हातात कोयता असायचा, आणि तिकडं बागाईत भागात गेला की तीच माऊली पेरू वेचत बसलेली. चेहरा बघून बोलायला त्या गड्याला मोबाईल लागला नाही.

"सगळ्यांनी येकच का म्हनलं मग?"

"मी ग्रुपवर टाकलं होतं. म्हणलं, आपापल्या शब्दांत सांगा. कोणी बदललंच नाही."

"कंचा ग्रुप? मी न्हाई त्याच्यात?"

"तो..." पोरीनं मोबाईल खाली घेतला. "तो आबा सोडून आहे."

हेही गिळलं. मग विचारलं, "घाबरतो म्हनून कुनी सांगितलं तुला?"

"पप्पांनी. म्हणाले, आबा ऑपरेशनचं नाव ऐकून घाबरले आणि उठून स्टँडवर गेले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माप घ्यायचं तर माणसाचं घ्यावं. यांनी एक घाबरट म्हातारा उभा केला, त्याच्या अंगाचं बोलणं शिवलं, आणि दिवसभर तिघांनी ते मला घालून बघितलं.

"आनखी काय दडवलंय?"

"मी त्यात शेळीचंही घालणार होते," ती म्हणाली. "आजी म्हणाली, ते नको, लागेल त्यांना."

"शेळीचं काय?"

पोरगी मेथीच्या काड्या गोळा करायला लागली. मग बायकोच बोलली. "तिच्या दातांचं खुंट राह्यल्यात. रोज पाला बारीक चिरून घालते मी तिला, तुमी पारावर गेला की."

"मग इतके दिस बोलली का न्हाईस?"

"तुमच्याशी बोलायला पंचांग बघावं लागतं. मुहूर्त निघंना."

बाहेर शेळी ओरडली. तिच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही, आणि बघून दिसलंही नसतं. सगळा बाजार माझ्याकडून दात बघून घेत होता, आणि माझ्याच दावणीच्या शेळीला माझी बायको चोरून पाला चिरत होती. यापुढं मला बाजारात कोण विचारणार? विचारू नयेच.

मी नातीला म्हणालो, "आता मी सांगतो तसं घाल त्याच्यात. म्हातारा घाबरत न्हाई. डाक्टरनं त्याला सोडून त्याच्या पोराला इचारलं, म्हनून उठला. शेळी चार दाती म्हनून आनली, ती म्हातारी निघाली. त्याला उपमा देऊ नको. निर्नय तुमचाच हाय असं बी म्हनू नको, तो माझाच हाय. आता बोल म्हनावं काय बोलतो ते."

ती लिहीत होती तेवढ्यात मुलगा केंद्रावरून आला आणि दारातच उभा राहिला. पोरीनं उत्तर वाचलं. या वेळी ते लांब नव्हतं.

"आजोबा, डॉक्टरांनी तुमच्याशीच बोलायला हवं होतं. तुमचा राग डॉक्टरांवर आहे, पण त्याची शिक्षा तुमचे डोळे भोगतायत. मोतीबिंदू वाट बघत नाही. पुन्हा जा. खुर्चीवर तुम्ही बसा, मुलाला बाहेर थांबवा आणि प्रश्न तुम्ही विचारा."

"बघा," बायको म्हणाली, "नीट सांगितलं की नीट बोलतंय."

"ह्यात नवीन काय हाय?" मी म्हणालो. "मी सांगितलं तेच धुऊन-पुसून परत दिलं. डेअरीला आपलंच दूध घालायचं आन् आपुनच पिशवीतून इकत आनायचं, तशातली गत."

"म्हाईत हुतं तर गेला का न्हाईत?"

मी मुलाकडं वळलो. "मी घाबरलो असं सांगितलंस व्हय रे घरात?"

तो चप्पल काढत होता. एक काढली, दुसरी पायातच राहिली. "मग काय सांगू, दादा?" तो म्हणाला. "डाक्टर तुमच्याकडं बघत न्हवता आन् मी मुकाट उत्तरं देत बसलो, असं सांगू?"

दिवसभरात त्याच्या तोंडचं, कोणी लिहून न दिलेलं, हे पहिलं वाक्य मला ऐकायला मिळालं. पोरगी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवून बसली.

जेवताना मी सांगितलं, "उद्या पयल्या एसटीनं जायचं. डाक्टरला आधी फोन करायचा न्हाई. त्याला बी कुनी काही शिकवून ठेवायचं न्हाई. त्याला मी काय ते बोलंन."

"पन आता कसं बोलायचं ते..." मुलगा म्हणायला लागला.

"जेव," बायको त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि पहिली एसटी धरली. दवाखान्यात नाव पुकारल्यावर मुलगा सवयीनं माझ्यामागं आत यायला निघाला. त्याला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं आणि मी एकटा आत जाऊन डॉक्टरसमोरच्या खुर्चीवर बसलो. डॉक्टर माझ्या डोक्यावरून दाराकडं बघत होते.

"सोबत कोण आहे यांच्या?" त्यांनी नर्सला विचारलं.

"सोबतीचा भायेर हाय," मी म्हणालो. "डोळं माझं हाईत. काय इचारायचं ते मला इचारा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, संगणकापासून खुर्ची वळवली आणि विचारलं, कोणत्या डोळ्यानं जास्त अंधुक दिसतं. मी सांगितलं, डाव्या. मग त्यांचं विचारून झाल्यावर मी विचारायला सुरुवात केली, आणि माझं पूर्ण होईपर्यंत उठलो नाही.