दिवसा झोपायचा हुकूम

त्या वर्षी आमची कंपनी बर्फातल्या पोस्टवर निघाली होती. मी प्लाटूनचा हवालदार, वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीचा. वर चढण्याआधी खालच्या कॅम्पमध्ये शरीराला विरळ हवेची सवय करावी लागते. पहिले दोन दिवस कुठलंही काम नसतं. गरम पाणी प्यायचं, वेळेवर जेवायचं, पडून राहायचं. गावातल्या लोकांना ही चैन वाटते. आम्हाला ती रोल कॉलइतकीच सक्तीची.

डोकं ठिकाणावर आहे का, हे मी माझ्या पद्धतीनं बघायचो. सकाळी चहाआधी प्रत्येकानं सतराचा पाढा म्हणायचा. झोप किंवा हवा कमी पडली की आकडे अडखळतात. पोरं मला मास्तर म्हणून चिडवायची. मी चिडवू द्यायचो, पण पाढा सोडत नव्हतो.

सिपाही मंगेश आमच्याच जिल्ह्यातला, कामरगावचा. घरचा भाजीचा मळा. बाजार गाठायचा म्हणून सगळं घर पहाटेच कामाला लागायचं. दिवसा आडवं झालेलं माणूस त्या घरात फक्त आजारपणात दिसायचं. पहिल्याच दुपारी तो कावला.

"भाऊ, सारे वझे वाहून राह्यले अन् मी लोळत पडू? बापानं पाह्यलं त काय म्हनन?"

"तुयं काम हेच हाय. ऑर्डर हाय. पडून राह्य."

दुसऱ्या दुपारी मी ब्रीफिंगला गेलो. आमच्या आधी आलेल्या दुसऱ्या प्लाटूनचे जवान लंगरमध्ये, म्हणजे कॅम्पच्या स्वयंपाकघरात, रॉकेलचे जेरीकॅन पोचवत होते. मंगेश गुपचूप उठून त्यांच्यात गेला आणि संध्याकाळपर्यंत वाहत राहिला. त्याचे पडून राहायचे दोन दिवस अजून संपले नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी त्याला शाबासकी दिली. मला हे नंतर कळलं.

तिसऱ्या सकाळी तो खोकत होता. "सतरा त्रिक एक्कावन्न," म्हणाला आणि थांबला. भाजीचा सगळा हिशेब तोंडी करणारा पोरगा नुसता माझ्याकडे बघत राहिला. ओठ निळे पडले होते. नर्सिंग असिस्टंटनं छाती तपासली. फुप्फुसांत पाणी भरत होतं. ऑक्सिजन लावला, पण खरा इलाज एकच, खाली नेणं. रस्ता बर्फानं बंद होता.

मी रेडिओ सेट घेतला. "पेशंट सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम खराब. वेट. आउट."

पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर तेच. दुपारनंतर मंगेशनं मास्क बाजूला केला.

"भाऊ, आता झोपू का?"

मी नाही म्हणालो. त्याचा हात धरून त्याला बोलतं ठेवलं. संध्याकाळी तो गेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आता मेडशीत भरतीची तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात. चारच तास झोपतो, असं ती छाती फुगवून सांगतात. मी त्यांना आधी वेळेवर जेवायला आणि झोपायला लावतो, मग पळवतो. वेळ वाचवायला झोप कापू नका, एवढंच माझं वेळेचं शास्त्र. कुणी हसलं तर मंगेशचं नाव सांगतो.

त्याला घेऊन कामरगावला मीच गेलो होतो. अग्नी दिल्यावर त्याच्या वडिलांनी मला बाजूला नेलं.

"साहेब, माह्या पोरानं कामात टाळाटाळ त नाई केली ना?"

"नाई, बाबा," मी म्हणालो.

त्यांची मान ताठ झाली. टाळाटाळ केली असती तर मंगेश आज मळ्यात पाणी देत असता, हे मला त्यांना सांगता आलं नाही.