फळीवर उभं राहायचं ठरलं तेव्हा

आम्ही चौघं कोकणातून परत आलो त्याला आता सहा महिने झाले, पण सहल अजून संपलेली नाही. कुळगावात सकाळी फिरायला निघालो की गायकवाड एक किस्सा सांगतात, मी त्यातल्या दोन चुका काढतो आणि त्या चुकांचाच पुढे वेगळा किस्सा होतो. एक कधीच न घडलेला प्रसंग तर मी इतक्या वेळा ऐकलाय की हल्ली तो मला आठवायलाही लागलाय. म्हणून जे नक्की घडलं तेवढंच लिहून ठेवतो. नक्की म्हणजे, मला तरी तसं वाटतं.

चौघं म्हणजे मी, माझी बायको मालती, आमच्या सोसायटीतले गायकवाड आणि उल्हासनगरचे वाधवानी. गायकवाड अंबरनाथच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. वाधवानींचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आमच्या कॉलेजच्या समोर. मी चौतीस वर्षं तिथे फिजिक्स शिकवलं आणि चौतीस वर्षं त्यांच्याकडे चहा प्यायलो.

वस्तू पाण्यावर का तरंगते, हे मी दरवर्षी न चुकता शिकवायचो. पण मी स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नव्हतो. लग्नानंतर मुरूडला गेलो, तेव्हा मालती अनोळखी लोकांबरोबर शिडाच्या होडीतून जंजिरा बघून आली आणि मी किनाऱ्यावर तिची पर्स सांभाळत बसलो. आजही कुणी विषय काढला की ती म्हणते, "छान आहे जंजिरा. ह्यांनी लांबून बघितलाय."

ती हे चिडून म्हणत नाही, हाच खरा त्रास आहे.

२००९च्या उन्हाळ्यात सहल ठरली. तारकर्लीला ज्यांच्याकडे उतरणार होतो, त्या तांडेलांनी फोनवर सांगितलं की एक परदेशी पाहुणा त्याची लांब फळी त्यांच्याकडे ठेवून गेलाय. तिच्यावर उभं राहून वल्हवत समुद्रात जायचं. मी फोन ठेवला आणि मालतीला म्हटलं, "मी त्या फळीवर उभा राहणार. काय वाटेल ते झालं तरी."

"बरं," ती म्हणाली. "टॉवेल दोन घेते."

*

तयारी घरीच सुरू केली. हॉलमध्ये दोन लाटणी आडवी ठेवली, त्यांच्यावर पाट आणि पाटावर मी. वल्ह्याऐवजी हातात जळमटं काढायच्या झाडूची काठी. वजन, घनता, गुरुत्वमध्य, सगळं गणित मी वहीत मांडलं होतं आणि ते बरोबर होतं. गणितावर माझा विश्वास होता, माझ्यावर नव्हता.

एका सकाळी गायकवाड पेपर मागायला आले. दारातच थांबून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"सर, कुठपर्यंत आलात?"

स्वयंपाकघरातून मालती म्हणाली, "सोफ्याच्या पुढे गेले नाहीत अजून. भाऊ, त्यांच्या पायाखालचं एक लाटणं इकडे द्या, कणीक वाळतेय."

*

गाड्या आणि माणसं खाडीपलीकडे नेणाऱ्या मोठ्या बोटीला कोकणात जंगल जेटी म्हणतात. का म्हणतात ते मी तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन कारणं सांगितली. वाधवानींना मात्र नुसतं नाव कळलं होतं.

गायकवाडांनी आपली सुमो बोटीवर चढवली. वाधवानी गळ्यात दुर्बीण अडकवून पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले. ती पहिली खाडी मी सुमोच्या दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून पार केली. पलीकडचा धक्का आला, गाड्या सुरू झाल्या, तेव्हा वाधवानी नाराज होऊन परत आले.

"प्रोफेसरसाब, जेटी तो आ गयी. जंगल किधर गया?"

गायकवाड गिअर टाकत म्हणाले, "साईं, जंगल आधीच्या फेरीने गेलं."

*

वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला गेलो. दोरीच्या मागे सगळे गप्प उभे. टोपली उचलली आणि तळहाताएवढीसुद्धा नसलेली ती पिल्लं लाटेकडे निघाली. एक मात्र चार पावलं गेलं, थांबलं आणि वळून सरळ आमच्याकडे यायला लागलं.

गायकवाड माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, हे तुमच्या डिपार्टमेंटचं दिसतंय."

दोरीमागचे सगळे हसले. मीही हसलो. मालती हसली नाही.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "विचार करतंय ते."

ते इतका वेळ विचार करत राहिलं की बाकीचे पोहे खायला गेले. आम्ही दोघं थांबलो. शेवटी एक मोठी लाट आली आणि त्याला न विचारताच घेऊन गेली.

*

दाभोळच्या खाडीत लहान होडीतून मगरी बघायच्या होत्या. एव्हाना मी दुसरी खाडी हँडलला फक्त एक बोट टेकवून पार केली होती, तरी लाइफ जॅकेटशिवाय होडीत बसणार नाही असं निक्षून सांगितलं. मिळालं. वाधवानींनी माझी कॉलर उलटवून शिलाई बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर आमच्या गल्लीतलं आहे."

"मग चांगलंच असेल," मी म्हटलं.

"शिलाई एक नंबर. कधी उसवणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त आतमध्ये काय भरतात ते मला माहिती आहे."

"काय भरतात?"

त्यांनी काठाकडे बोट दाखवलं. "प्रोफेसरसाब, आपण मगर बघायला आलो ना? मगर बघा."

*

तारकर्लीला पहिल्या दिवशी मी अकरा वेळा पडलो. कंबरभर पाण्यात, पण पडलो. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर बसून थोडं वल्हवलं. संध्याकाळी मालती म्हणाली, "पुरे आता. गुडघ्यांवरसुद्धा बरे दिसता." मी म्हटलं, "नाही. उभा राहणार."

तिसऱ्या दिवशी दुपारी परतायचं होतं. सकाळी समुद्र अगदी सपाट होता. तांडेलांनी फळी धरली. मी गुडघे टेकले, मग एक पाऊल, मग दुसरं. तांडेल म्हणाले, "मास्तर, सोडतंय हां," आणि सोडली.

मी उभा होतो. खाली बघायचं नाही म्हणून किनाऱ्याकडे बघत मनातल्या मनात सेकंद मोजायला लागलो. पाचापर्यंत आलो आणि किनाऱ्यावर एकदम गलका झाला. गायकवाड टोपी हलवत होते. वाधवानी दोन्ही हात वर करून नाचत होते. ओळखदेख नसलेली माणसं टाळ्या वाजवत होती. एवढ्या टाळ्या मला निरोपसमारंभालाही मिळाल्या नव्हत्या. मोजणं राहूनच गेलं. मी नम्रपणे एक हात वर केला आणि पडलो.

नाकातोंडातलं पाणी काढत बाहेर आलो, तर गायकवाड धावत आले.

"सर, बघितलेत ना? तुमच्या अगदी पाठीमागे. चार होते."

"कोण?"

"अहो, डॉल्फिन."

"चार नाही, सहा," वाधवानी म्हणाले. त्यावर दोघांची जुंपली. तांडेलांनी तिसराच आकडा सांगितला. मी उभा राहिलो होतो हे कुणाच्या तोंडून निघेना. मी मागे वळून बघितलं. समुद्र रिकामा होता.

मालती टॉवेल घेऊन उभी होती. माझं डोकं पुसायला लागली. मी म्हटलं, "तू तरी नीट मोजलेस का? चार की सहा?"

"नऊ," ती म्हणाली. "दहा झाले असते, पण तुम्ही मध्येच हात वर केलात."