निबर भेंडी

मुलीच्या शाळेत बागकामाला मदत करणाऱ्या पालकांत मी नाव दिलं आणि पहिल्याच दिवशी बागेच्या बाईंशी माझं बिनसलं. मुलं मातीत हात घालायला निघाली, तर त्यांनी हातमोजे वाटले. मी म्हटलं, “माती हाताला लागू द्या की.” त्या म्हणाल्या, “इथे नियम आहेत.” त्यानंतर आम्ही एकमेकींकडे बघून हसणंही सोडलं.

तरी भेंडी छान आली. चौथीच्या मुलांनीच लावलेली, पाणी घातलेलं. पण तोडायची वेळ आली आणि बाईंनी मनाई केली. पंधरा दिवसांनी परीक्षक बाग बघायला येणार होते. झाडं लगडलेली दिसायला हवी होती.

“तोवर लाकूड होईल तिचं,” मी म्हटलं.

“दिसेल तर छान.”

“मुलांनी खायला लावलीय.”

“शिकायला लावलीय,” बाई म्हणाल्या. “आणि इथलं काही मुलांना खायला द्यायची परवानगी नाही.”

रोज मुलीला आणायला जायचे आणि त्या भेंड्या निबर होताना बघायचे. वीतभर झाल्या, शिरा वर आल्या. घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे. तो तुआसच्या कारखान्यातून दमून आलेला, म्हणायचा, “सोड ना. बाजारात मिळते भेंडी.”

परीक्षकांच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी बाई मीटिंगला गेल्या होत्या. मी मुलांना म्हटलं, “तोडा.” सगळ्यांत आधी माझी मुलगी धावली. कोवळी, निबर, दिसेल ती भेंडी मुलांनी तोडली. एकीने विचारलं, “आंटी, कच्ची खाता येते?” मी एक कोवळी धुऊन कराकरा खाल्ली. मग सगळ्यांनीच खाल्ली. बुळबुळीत लागते म्हणून किंचाळली, थुंकली, पुन्हा मागायला आली.

बाई परत आल्या त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मुलांना रांगेत उभं करून विचारलं, “पहिली कोणी तोडली?”

माझ्या मुलीने हात वर केला.

“मी सांगितलं होतं त्यांना,” मी म्हटलं.

“मी माझ्या विद्यार्थ्यांशी बोलतेय.” मुलीचं नाव बागेच्या गटातून त्यांनी तिथेच, माझ्यासमोर काढलं. त्या क्षणी मला त्या बाईचा तिरस्कार वाटला.

घरी जाताना बसमध्ये मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. “व्हाय यू मस्ट फाइट, लाह?” ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. “तू घरी जातेस. शाळेत मी असते.”

मी मुख्याध्यापकांना लांबलचक पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं आणि पालकांच्या ग्रुपमधून मला काढण्यात आलं. परीक्षकांसाठी बाईंनी रोपवाटिकेतून फळं लागलेल्या वांग्याच्या कुंड्या आणून मांडल्या, असं दुसऱ्या एका आईने सांगितलं. शाळेला प्रशस्तिपत्रही मिळालं.

बाईंची माफी मी मागितली नाही, मागणारही नाही. मुलीची मागायला हवी होती. त्या बसमध्येच. पण मी तेव्हा मनात पत्राचा मजकूर जुळवत होते.