निळं पाणी

परवा दवाखान्यात बोट टोचण्याआधी नर्सनं स्पिरिट लावलं आणि त्या वासानं मला साठ सालच्या सुमाराचं, कानडी मुलखातल्या बसवनगुडीतलं सासर आठवलं. लग्नाला चारच महिने झाले होते. मी धास्तीनं वाळले होते, तोंडाला कोरड पडून सारखं पाणी प्यायचे. सासूबाई घरी येईल त्याला सांगत, "हिच्या बापानं साखरेचा रोग लपवला आणि पोरगी आमच्या गळ्यात बांधली." शेवटी त्यांनीच डॉक्टरांना बोलावलं, रोग निघाला तर मला माहेरी धाडायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. साखर असली तर हे विटेसारखं लाल होतं, असं ते म्हणाले. पाणी उकळलं, पण निळंच राहिलं. "औषधच शिळं असणार," सासूबाई म्हणाल्या. नवरा भिंतीकडे बघत उभा होता. माझा संयम सुटला. "मग तुमचंही तपासा की!" डॉक्टर कानडीत "सरी," म्हणजे ठीक आहे, म्हणाले. "दोन मिनिटांचं तर काम." सासूबाईंची नळी आधी हिरवी झाली, मग पिवळी आणि बघता बघता विटेसारखी लाल. त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिनंच काहीतरी घातलं त्यात." पुढं सात वर्षं त्यांचं पथ्यपाणी मीच सांभाळलं, पण माझ्या हातचं काहीही त्या आधी दुसऱ्याला चाखायला लावत. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून म्हातारी आहे. आता तरी त्यांची कीव यावी असं वाटतं, पण येत नाही.